विश्लेषण : एकच विमान, तीन प्रमाणपत्रे! घरी बांधलेल्या आणि हलक्या विमानांसाठी कोणता गट निवडावा?

अमेरिकेत घराच्या गॅरेजमध्ये विमान बांधणे हा हजारो लोकांचा छंद आहे. कोणी आराखडा आणून पहिल्या रिव्हेटपासून सुरुवात करतो, कोणी सुट्या भागांचा संच म्हणजे किट मागवतो, तर कोणी सरळ कारखान्यातून तयार छोटे विमान घेतो. विमान बांधून झाले किंवा दारात आले, की एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : याचे प्रमाणपत्र कोणत्या गटात घ्यायचे? या एका निवडीवर त्या विमानाची दुरुस्ती कोण करणार, ते भाड्याने देता येणार का, इंजिन बदलता येणार का आणि पुढे ते विकत कोण घेणार, हे सगळे ठरते. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने (एफएए), २०२५ मध्ये या गटांचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. त्या निमित्ताने हे गट काय आहेत आणि निवड करताना कशाचा विचार करायला हवा, याचा हा आढावा.

नोंदणी आणि प्रमाणपत्र यांत फरक काय?

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. विमानाची नोंदणी आणि त्याचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीमुळे विमानाला क्रमांक मिळतो आणि मालक कोण ते ठरते. ते विमान उडवण्याजोगे आहे की नाही, हे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र सांगते. गाडीच्या भाषेत बोलायचे तर आरसी बुक वेगळे आणि फिटनेस सर्टिफिकेट वेगळे.

उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राचेही दोन मोठे प्रकार आहेत. एक ‘स्टँडर्ड’. सेसना १७२ सारखी प्रशिक्षण विमाने किंवा प्रवासी विमाने यात मोडतात. त्यांचा आराखडा, साहित्य आणि कारखान्यातील उत्पादन प्रक्रिया सरकारने तपासून मंजूर केलेली असते. ही मंजुरी मिळवण्यासाठी कंपनीची अनेक वर्षे आणि प्रचंड पैसा खर्च होतो. दुसरा प्रकार ‘स्पेशल’. घरी बांधलेली आणि हलकी क्रीडा विमाने या दुसऱ्या प्रकारात येतात. सरकारी मंजुरीचा तो सगळा डोंगर इथे चढावा लागत नाही. त्या बदल्यात विमान कुठे, कसे आणि कशासाठी उडवायचे यावर बंधने येतात.

या ‘स्पेशल’ प्रकारातले तीन गट आपल्या विषयाशी संबंधित आहेत : हौशी बांधणीचे प्रायोगिक विमान, कारखान्यात तयार झालेले हलके क्रीडा विमान (एस-एलएसए) आणि प्रायोगिक हलके क्रीडा विमान (ई-एलएसए).

‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणजे काय?

हौशी बांधणीच्या गटाची मुख्य अट अशी, की विमानाचा ‘मोठा भाग’ अशा व्यक्तीने किंवा व्यक्तींनी तयार केलेला आणि जोडलेला असावा, ज्यांनी हे काम केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी हाती घेतले. मोठा भाग म्हणजे निम्म्याहून अधिक. म्हणून बोलीभाषेत याला ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात.

हे टक्के तासांचे नसतात आणि पैशांचेही नसतात. विमान बांधणीतील कामांची एक ठरलेली यादी असते. पंखाच्या फासळ्या तयार करणे, मुख्य दांडा बसवणे, शेपटीचे भाग जोडणे, नियंत्रणाच्या तारा आणि दांडे बसवणे वगैरे. त्यातील किती कामे किट तयार करणाऱ्या कंपनीने केली आणि किती बांधणाऱ्याने, याची मोजदाद होते. इंजिन, प्रोपेलर, चाके, उपकरणे घरी बनवावीत अशी अपेक्षा नसते. ती विकतच आणली जातात.

पैसे देऊन दुसऱ्याकडून विमान बांधून घ्यायचे आणि कागदावर स्वतःचे नाव लावायचे, हे या गटात चालत नाही. अर्जासोबत बांधणाऱ्याला पात्रतेचे निवेदन द्यावे लागते आणि त्यात खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. म्हणूनच अनुभवी मंडळी पहिल्या दिवसापासून बांधणीची वही ठेवतात. तारीख, केलेले काम आणि फोटो. तपासणीला येणारा अधिकारी विमान पाहतोच, पण ते खरोखर अर्जदारानेच बांधले का, हे त्याला त्या वहीतून कळते.

प्रमाणपत्र मिळाल्यावरही लगेच कुटुंबाला घेऊन फिरायला जाता येत नाही. पहिला टप्पा चाचणी उड्डाणांचा असतो. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी आधी प्रमाणित झालेली असेल, तर साधारण २५ तास. तसे नसेल, तर ४० तास. अलीकडे तासांऐवजी ठरावीक चाचण्या पूर्ण करण्याचा पर्यायही मिळाला आहे. या काळात उड्डाण ठरवून दिलेल्या क्षेत्रातच आणि दाट वस्तीपासून दूर करावे लागते. प्रवासी नेता येत नाही.

मग एस-एलएसए कशासाठी?

गॅरेजमध्ये काही वर्षे घालवण्याची तयारी प्रत्येकाची नसते. त्यांच्यासाठी २००४ मध्ये एफएएने हलक्या क्रीडा विमानांची नवी वाट काढली. त्या नियमांत अशा विमानाची व्याख्या नेमकी होती. उड्डाणावेळचे कमाल वजन १,३२० पौंड म्हणजे सुमारे ६०० किलो. पाण्यावर उतरणारे असेल, तर १,४३० पौंड म्हणजे सुमारे ६५० किलो. जास्तीत जास्त दोन आसने, एकच पिस्टन इंजिन, कमाल वेग १२० नॉट (ताशी सुमारे २२२ किलोमीटर) आणि स्टॉल होण्याचा वेग ४५ नॉटपेक्षा (ताशी सुमारे ८३ किलोमीटर) जास्त नाही.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. विमानाचा वेग एका मर्यादेखाली गेला आणि नाक जास्त वर झाले, की पंखांवरून वाहणारी हवा सुटते आणि उचलणारे बल कोसळते. हा वेग जितका कमी, तितके विमान सावकाश उतरू शकते आणि अपघात झालाच तर आघात कमी बसतो. म्हणून नियामक वजनाइतकेच याही आकड्याकडे लक्ष देतात.

एस-एलएसएमध्ये सरकार आराखडा मंजूर करत नाही. एएसटीएम या संस्थेने उद्योग, वैमानिक आणि नियामक यांच्या सहभागातून मानके तयार केली आहेत. आपले विमान त्या मानकांनुसार बांधले आहे, असे कंपनी लेखी जाहीर करते आणि त्या आधारे प्रमाणपत्र मिळते. म्हणजे इथे जबाबदारी कंपनीच्या शब्दावर उभी असते.

या गटाचा मोठा फायदा म्हणजे असे विमान प्रशिक्षणासाठी वापरता येते आणि भाड्यानेही देता येते. फ्लाइंग क्लबला किंवा प्रशिक्षण संस्थेला म्हणूनच हा गट सोयीचा. तोटा असा, की मालकाला स्वतःच्या मर्जीने साधा बदलही करता येत नाही. वेगळा रेडिओ असो की वेगळा प्रोपेलर, कंपनीची किंवा तिने नेमलेल्या यंत्रणेची लेखी परवानगी लागते. कंपनीने सुरक्षेबाबत काढलेले निर्देशही पाळावेच लागतात.

ई-एलएसए हा मधला मार्ग कसा?

तिसरा गट या दोघांच्या मधला आहे. कंपनीने आपल्या मॉडेलचे किमान एक विमान एस-एलएसए म्हणून प्रमाणित करून घेतले असेल, तर त्याच मॉडेलचे किट ती विकू शकते. ग्राहकाने ते घरी जोडून ई-एलएसए प्रमाणपत्र घ्यायचे. इथे ५१ टक्क्यांची अट नाही. कंपनीने ९० टक्के काम करून दिले तरी चालते. पण एक अट कडक आहे. प्रमाणपत्र मिळेपर्यंत विमान कंपनीच्या सूचनांबरहुकूम बांधलेले असावे. सूचनेत जो रिव्हेट, तोच रिव्हेट. जे इंजिन, तेच इंजिन.

प्रमाणपत्र हाती आल्यावर चित्र पालटते. तेव्हापासून मालक कंपनीला न विचारता बदल करू शकतो. मात्र विमानाला लागू असलेल्या मर्यादा ओलांडता कामा नयेत. एस-एलएसए म्हणून घेतलेले विमानही पुढे ई-एलएसएमध्ये वळवता येते. त्यानंतर ते भाड्याने देता येत नाही, पण कंपनीच्या परवानगीच्या जाचातून मालक सुटतो.

एकाच विमानाचे तीन गट कसे होतात?

ओरेगन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीचे आरव्ही-१२ हे दोन आसनी विमान याचे चांगले उदाहरण आहे. हेच मॉडेल कारखान्यातून तयार घेतले, तर एस-एलएसए. किट आणून पुस्तकाप्रमाणे जोडले, तर ई-एलएसए. आणि कोणी ठरवले, की कंपनीने सांगितलेल्या इंजिनाऐवजी दुसरे इंजिन बसवायचे, तर बांधणीचा मोठा भाग आपणच केला हे सिद्ध करून ते हौशी बांधणीच्या गटात नोंदवायचे. तीन विमाने धावपट्टीवर शेजारी उभी केली, तर लांबून ती सारखीच दिसतील. पण कायद्याच्या दृष्टीने ती तीन वेगळी विमाने आहेत.

इथेच अनेकांचा गोंधळ होतो. ‘हलके क्रीडा विमान’ ही व्याख्या वैमानिकाच्या परवान्याशीही जोडलेली आहे आणि विमानाच्या प्रमाणपत्राशीही. स्पोर्ट पायलट परवाना किमान २० तासांच्या प्रशिक्षणात मिळू शकतो. त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय प्रमाणपत्राची सक्ती नाही. आधीचा वैद्यकीय अर्ज फेटाळलेला नसेल, तर अमेरिकी ड्रायव्हिंग लायसन्स पुरते. अशा वैमानिकाने कोणते विमान उडवावे हे त्याच्या परवान्याच्या मर्यादा ठरवतात, विमानाचा गट नव्हे. त्या मर्यादेत बसणारे हौशी बांधणीचे विमानही तो उडवू शकतो. त्यामुळे ‘मला स्पोर्ट पायलट म्हणून उडायचे आहे, म्हणून विमान एलएसए गटातच नोंदवायला हवे’ हे गृहीतक चूक आहे. या गैरसमजापोटी गट निवडला, तर पुढे नको ती बंधने गळ्यात पडतात.

देखभाल कोण करणार?

विमान विकत घेण्याचा खर्च एकदाच होतो, देखभालीचा दरवर्षी. म्हणून निवडीतील सर्वांत व्यवहारी प्रश्न हाच आहे. तिन्ही गटांत दर बारा महिन्यांनी विमानाची स्थिती तपासून नोंद करावी लागते. ती कोणी करायची, यात फरक आहे.

हौशी बांधणी : विमान ज्याने बांधले, त्याला त्या एका विमानापुरते ‘रिपेअरमन’ प्रमाणपत्र मिळू शकते. वार्षिक तपासणी तो स्वतः करू शकतो. तर्क सरळ आहे. ज्याने प्रत्येक बोल्ट स्वतः आवळला, त्याच्याइतके ते विमान कोणाला ठाऊक असणार? पण हे प्रमाणपत्र विमानाबरोबर विकले जात नाही. विमान दुसऱ्याने घेतले, की नव्या मालकाला पात्र मेकॅनिक शोधावा लागतो किंवा स्वतःची वेगळी पात्रता मिळवावी लागते.

ई-एलएसए : मालकाने १६ तासांचा अभ्यासक्रम पूर्ण केला, की स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी त्याला करता येते. विमान त्याने बांधलेले असो वा सेकंडहँड घेतलेले. पुढे विकायचा विचार असेल, तर ही मोठी जमेची बाजू ठरते.

एस-एलएसए : वार्षिक तपासणी प्रमाणित मेकॅनिकने किंवा देखभालीची पूर्ण पात्रता असलेल्या रिपेअरमनने करायची. विमान प्रशिक्षणासाठी किंवा भाड्याने वापरले जात असेल, तर दर १०० तासांनीही तपासणी लागते.

२०२५ च्या नियमांनी काय बदलले?

२०२३ मध्ये एफएएने ‘मोझॅक’ या नावाने ओळखला जाणारा प्रस्ताव मांडला होता. अंतिम नियम जुलै २०२५ मध्ये विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे भरणाऱ्या हवाई मेळ्यात जाहीर झाला. त्याचे दोन टप्पे आहेत. वैमानिकांशी संबंधित बदल २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. विमानांच्या प्रमाणपत्रांसंबंधीच्या बदलांसाठी नियमात २४ जुलै २०२६ ही तारीख दिली आहे.

सर्वांत मोठा बदल म्हणजे ६०० किलोची मर्यादा गेली. वजनाऐवजी स्टॉलचा वेग हा मुख्य निकष झाला. स्पोर्ट पायलट आता असे विमान उडवू शकतो, ज्याचा फ्लॅप न उघडता स्टॉल होण्याचा वेग ५९ नॉटपर्यंत (ताशी सुमारे १०९ किलोमीटर) आहे. सेसना १७२ ची अनेक मॉडेल या चौकटीत बसतात. विमानात चार आसने असली तरी स्पोर्ट पायलटला सोबत एकच प्रवासी नेता येतो. जादा प्रशिक्षण आणि वैद्यकीय पात्रता असेल, तर रात्रीही उडता येते.

हलक्या क्रीडा गटात नव्याने प्रमाणित होणाऱ्या विमानांसाठी फ्लॅप उघडून स्टॉलचा वेग ६१ नॉट आणि कमाल वेग २५० नॉट अशा मर्यादा ठरल्या आहेत. चार आसने, आत घेता येणारी चाके, उड्डाणात पाती फिरवता येणारा प्रोपेलर आणि विजेवर चालणारे इंजिन यांनाही दार उघडले आहे.

याचा निवडीवर काय परिणाम होईल? आजवर अनेकांनी ई-एलएसए किंवा एस-एलएसए घेतले, कारण कमी वैद्यकीय अटींत उडण्यासाठी ६०० किलोच्या आतलेच विमान हवे होते. ते कारण आता बऱ्याच अंशी संपले. दमदार, थोडे जड, घरी बांधलेले विमानही स्पोर्ट पायलटला उडवता येऊ शकते. त्यामुळे यापुढे परवान्याचा विचार मागे पडेल आणि देखभाल, बदलांचे स्वातंत्र्य आणि वापर हे तीन मुद्दे पुढे येतील.

पण सवलतीसोबत भौतिकशास्त्र बदलत नाही. उतरतानाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्टॉलचा वेग ४५ वरून ५९ नॉट झाला, तर वजन तेच ठेवूनही ही ऊर्जा सुमारे १.७ पट होते. वजन वाढले, तर त्याहून अधिक. शेतात उतरण्याची वेळ आली, तर हा फरक वैमानिकाच्या शरीराला जाणवतो. नियमाने परवानगी दिली म्हणून २० तासांच्या प्रशिक्षणावर वेगवान विमान घ्यावे, असा त्याचा अर्थ नाही.

धोका नेमका कुठे आहे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) २०१२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांवर विशेष अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या सामान्य, म्हणजे विमान कंपन्यांव्यतिरिक्तच्या, नागरी विमानांत यांचा वाटा सुमारे १० टक्के होता. पण २०११ मधील एकूण अपघातांत सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के वाटा याच विमानांचा होता. इंजिन यंत्रणेतील बिघाड आणि हवेत ताबा सुटणे ही प्रमुख कारणे होती. आणखी एक निष्कर्ष जास्त बोलका आहे. त्या वर्षी अपघात झालेल्या या विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने मालकाने बांधलेली नव्हती, तर सेकंडहँड घेतलेली होती.

यामागचे कारण समजून घेण्यासाठी गायक जॉन डेन्व्हर यांचा अपघात पुरेसा आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ त्यांचे लाँग-ईझेड विमान समुद्रात कोसळले. हे विमान त्यांनी बांधले नव्हते, नुकतेच विकत घेतले होते. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची खिट्टी वैमानिकाच्या हाताशी होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिच्यावर खुणा नव्हत्या आणि इंधन दाखवणाऱ्या नळीवरही आकडे नव्हते. ती खिट्टी फिरवण्याच्या प्रयत्नात वैमानिकाचे लक्ष विचलित झाले आणि नकळत पायाने रडर दाबला गेला, असा निष्कर्ष एनटीएसबीने काढला. उड्डाणापूर्वीची अपुरी तयारी, नव्या विमानाचे अपुरे प्रशिक्षण आणि बांधणाऱ्याचा तो निर्णय ही सहायक कारणे नोंदवली गेली.

बांधणाऱ्याला ती खिट्टी कुठे आहे हे झोपेतही आठवले असते. त्याच्यासाठी तो सोयीचा बदल होता. पुढच्या मालकासाठी तो सापळा ठरला. स्वातंत्र्याची ही बाजू गट निवडताना विसरता येत नाही. आज आपण केलेला प्रत्येक बदल उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाणार असतो. म्हणूनच जुने हौशी बांधणीचे विमान घेणाऱ्याने आधी त्याच मॉडेलच्या जाणकाराबरोबर उडून ते शिकून घ्यायला हवे, आणि विकणाऱ्याने प्रत्येक बदलाची नोंद वहीत ठेवायला हवी.

एनटीएसबीच्या शिफारशींनंतर एक स्वागतार्ह बदल झाला. पूर्वी चाचणी टप्प्यात वैमानिकाने शक्यतो एकट्याने उडावे असा दंडक होता. त्यामुळे ज्याने वर्षानुवर्षे विमान बांधले पण उडण्याचा सराव गमावला, असा माणूस पहिल्याच उड्डाणात एकटा बसायचा. २०१४ पासून ठरावीक अटींवर दुसरा अनुभवी वैमानिक सोबत नेण्याची मुभा मिळाली.

कंपनीच अडचणीत आली तर?

कंपनीच्या शब्दावर उभ्या असलेल्या गटांचा हा दुसरा धोका. सेसनासारख्या बड्या कंपनीने स्कायकॅचर हे हलके क्रीडा विमान आणले आणि २०१३ मध्ये उत्पादन थांबवले. व्हॅन्स एअरक्राफ्टने लेझरने कापलेल्या काही भागांच्या छिद्रांना तडे जात असल्याचे २०२३ मध्ये मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली, पण अर्धवट किट गॅरेजमध्ये असलेल्या ग्राहकांची त्या काळात झोप उडाली असेल, यात नवल नाही.

एस-एलएसएच्या मालकाला बदलासाठी परवानगी देणारी कंपनीच उरली नाही, तर ई-एलएसएमध्ये जाण्याचा दरवाजा खुला असतो. मात्र प्रशिक्षण संस्थेसाठी तो दरवाजा म्हणजे उत्पन्न बंद होणे. हौशी बांधणीच्या मालकाला कंपनी बुडाल्यावर सुटे भाग मिळायला त्रास होईल, पण पर्यायी भाग बसवण्यासाठी त्याला कोणाची सही लागत नाही.

मग कोणी काय निवडावे?

विमान भाड्याने द्यायचे किंवा त्यावर शिकवायचे असेल, तर एस-एलएसए. इथे फार विचार करण्यासारखे काही नाही.

उडायचे आहे, थोडे हाताने काम करायला आवडते, पण नवे प्रयोग करायचे नाहीत, अशांसाठी ई-एलएसए. पुस्तकाप्रमाणे जोडा, छोटा अभ्यासक्रम करा, देखभाल स्वतः करा. पुढे विकतानाही नव्या मालकाला हीच सोय मिळते.

आणि ज्याला बांधणी हाच आनंद आहे, ज्याला स्वतःचे इंजिन, स्वतःची उपकरणे, स्वतःचा आराखडा हवा आहे, त्याने हौशी बांधणी निवडावी. पण मग चाचणी उड्डाणे, नोंदी आणि प्रशिक्षण यांत काटकसर करू नये.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी अभियंत्यांपैकी कोणाच्या मनात हा विचार असेल, तर दोन गोष्टी आधीच लक्षात घ्याव्यात. तिथे स्वतःच्या नावावर विमान नोंदवण्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागते. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर ते होत नाही. दुसरे म्हणजे, ‘स्पेशल’ प्रकारातील ही प्रमाणपत्रे आंतरराष्ट्रीय मानकांच्या चौकटीत बसत नाहीत. त्यामुळे परदेशात उडण्यासाठी त्या देशाची वेगळी परवानगी लागते. भारतात आणले, की ते आपोआप चालेल असे नाही.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

हा विषय मराठी वाचकाला अनोळखी नाही. मुंबईत कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) त्याची नोंदणी केली. तेव्हा अनेकांना वाटले, आता विमान उडणार. पण उड्डाण परवाना मिळायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. नोंदणी आणि उड्डाणयोग्यता यांतले अंतर किती मोठे असू शकते, हे राज्याने डोळ्यांनी पाहिले.

नियामकाने सावध असावे, यात वाद नाही. दाट वस्तीच्या देशात घरी बांधलेले विमान कोसळले, तर खाली माणसेच असतात. पण सावधपणा आणि अनिश्चितता एक नव्हेत. अमेरिकेच्या व्यवस्थेचे खरे बळ तिच्या सैलपणात नाही. बांधणाऱ्याला पहिला रिव्हेट ठोकण्याआधी पूर्ण वाट दिसते, यात ते आहे. कोणत्या गटात कोणते पुरावे लागतील, किती तास चाचणी करावी लागेल, कुठे उडता येणार नाही, हे त्याला आधीच ठाऊक असते. ‘नाही’ म्हणायचे असेल, तर तेही त्याला सुरुवातीलाच कळते, विमान बांधून झाल्यावर नव्हे.

या तीन गटांकडे दर्जाची उतरंड म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. विमान सुरक्षित आहे याची हमी कोण घेणार, या एकाच प्रश्नाची ती तीन उत्तरे आहेत. एस-एलएसएमध्ये कंपनी, ई-एलएसएमध्ये आधी कंपनी आणि नंतर मालक, हौशी बांधणीत बांधणारा स्वतः. गट निवडताना किंमत, वेग आणि आसने यांची तुलना सगळेच करतात. त्याआधी ही जबाबदारी आपल्याला पेलणार आहे का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवे. कारण हौशी बांधणीच्या विमानात प्रवाशाच्या नजरेसमोर एक पाटी लावणे बंधनकारक असते : हे विमान हौशी बांधणीचे असून प्रमाणित विमानांचे सुरक्षा नियम त्याला लागू नाहीत, अशा आशयाची. ती पाटी वाचूनही शेजारी बसणारा माणूस वैमानिकावर विश्वास टाकत असतो.